गयाबाईंच्या चाकाचा एक्सल

सायकलीचं चाक कशावर फिरतं असं विचारलं तर कुणी छर्ऱ्यांवर म्हणतं, कुणी ग्रीसवर म्हणतं. एका गुरुजींनी मला 'परमेश्वराच्या कृपेवर' असं उत्तर दिलं होतं आणि त्यांच्या सायकलीची अवस्था बघता त्यात फारशी चूक नव्हती. पण खरं उत्तर आहे एक्सल. करंगळीएवढी जाड पोलादी कांडी, दोन्ही टोकांना आटे, चाकाच्या हबमधून आरपार गेलेली. चाक तिच्याभोवती फिरतं, ती स्वतः फिरत नाही. फ्रेमच्या दोन खाचांत जाऊन बसते आणि वरचा सगळा भार मुकाट्यानं घेते. सायकलवाला, दांडीवर त्याचं पोरगं, कॅरिअरवर बायको आणि बायकोच्या मांडीवर ज्वारीचं गाठोडं, हे सगळं त्या एवढ्याशा कांडीवर. उभा जन्म मी एक्सल काढले आणि घातले, तरी अजून एखादा हातात आला की मी त्याच्याकडे जरा वेळ बघत बसतो. घरचे म्हणतात, याला काही तरी झालंय.

धंदा शिकलो नांदेडला. दुकान टाकलं लातूरला, लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा. उस्मानाबादेतून आम्ही वेगळे झालो होतो, एकेक कचेरी येत होती, कचेरीमागं कारकून येत होते आणि कारकुनांमागं त्यांच्या सायकली. हा मोका साधून मी गंजगोलाईच्या मागच्या बोळात टपरी उभी केली आणि उत्साहाच्या भरात पाटीवर लिहून घेतलं, 'नवा जिल्हा सायकल मार्ट'. पेंटर रंग चांगला वापरणारा निघाला. जिल्हा जुना झाला, कारकून रिटायर झाले, पाटी काही उडाली नाही. अलीकडे अलीकडे लोक ती वाचून थांबायचे आणि विचारायचे, "मिस्तरी, झाला का मग उदगीर जिल्हा?"

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक ओळखायचं असेल तर त्याच्या तोंडाकडे बघू नये, मागच्या चाकाकडे बघावं. माणूस हँडल पुसतो, घंटी चमकवतो, मागच्या चाकाकडे त्याचं लक्ष नसतं. नांदेडला उमेदवारी करत होतो तेव्हा नायगावकडचे एक पाहुणे दर दोन-चार महिन्यांनी मोडका एक्सल घेऊन यायचे. माणूस किडकिडीत, एक्सल मोडावा कसा, आम्हाला कळेना. शेवटी माझे उस्ताद त्यांच्या मागोमाग रस्त्यापर्यंत गेले. कोपऱ्यावर पाहुण्यांचे सासरे थांबलेले होते. ते कॅरिअरवर बसले आणि सायकल खाली दबली. उस्ताद परत आले आणि म्हणाले, "एक्सल बराबर है. रिश्ता भारी है."

पुढं गिअरच्या सायकली आल्या. लातूरला शिकवणीला येणारी पोरं आणायची. जाड टायर, पुढं झटके खाणारा चिमटा, डोंगरावरून उड्या मारायला बनवलेली सायकल, आणि पोरं तिच्यावरून शिकवणीहून मेसपर्यंत जाणार. या सायकलींचं मागचं चाक पहिल्यांदा उघडलं तेव्हा मला खरंच नवल वाटलं. एक्सल पोकळ. आतून आरपार भोक, त्यातून जाणारी एक बारीक सळई आणि सळईच्या टोकाला एक दांडी. दांडी उलटी पाडली की चाक हातात. पाना नको, नट नको. ज्यानं हे शोधून काढलं त्याला मी मनातल्या मनात हात जोडले. मात्र ही दांडी दाबून पलटवायची असते. आमची पोरं ती नटासारखी गोल गोल फिरवायची, मग चाक सैल पडायचं आणि मी त्यांच्यावर खेकसायचो. माझ्या खेकसण्याची ख्याती मेसपर्यंत गेली होती असं ऐकलं.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो. लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष. त्या उन्हाळ्याचं वर्णन पुष्कळांनी केलंय, मी माझ्या टपरीपुरतं सांगतो. पंक्चर काढायला घमेल्यात पाणी लागतं. ट्यूब पाण्यात बुडवली की बुडबुडे येतात, भोक सापडतं. त्या वर्षी मी एकच घमेलं आठवडा-आठवडा चालवायचो, वर पत्रा झाकून. पाणी काळंकुट्ट, तरी एक जण विचारून गेला, "ह्ये टाकून देणार असाल तर म्हशीला न्हेतो." शेवटी ते घमेलंही बंद केलं. ट्यूब फुगवायची आणि ओठांजवळून फिरवायची, वारा लागला की भोक तिथं. सबंध उन्हाळा मी ट्यूबांचे मुके घेत काढला.

सायकल म्हणजे तेव्हा पाण्याची गाडीच झाली होती. ज्याला जिथं जागा दिसेल तिथं तो कॅन लटकवायचा. हँडलला, दांडीला, कॅरिअरला, सीटखाली. सायकलीवर बाहेर आलेली कुठलीही वस्तू त्या वर्षी लोकांना खुंटीसारखी दिसत होती.

अशात एका शुक्रवारी दुपारी एक बाई टपरीपुढं येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या आसपास, डोक्यावर पदर, पायात रबरी चप्पल, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं गिअरच्या सायकलीचं मागचं चाक. सायकल नाही, नुसतं चाक. औश्याच्या पुढच्या एका गावाहून त्या एसटीनं चाक मांडीवर घेऊन आल्या होत्या. साडीवर ग्रीसचा गोल उमटला होता.

"मिस्तरी, ह्ये चाक डुलून राहिलंय," त्या म्हणाल्या. "सोमवारच्या आत नीट करा."

चाकाची ती दांडी सुतळीनं घट्ट बांधलेली होती आणि मधोमध वाकलेली होती. मी विचारलं, ही कशानं वाकली? बाईंनी सरळ सांगितलं, "कॅन आडकवते न्हवं तिला."

मी कपाळाला हात लावला. चाक आवळायच्या दांडीला पाण्यानं भरलेला कॅन! माझी गाडी लगेच सुटली. ताई, ही डोंगरावरून उड्या मारायची सायकल आहे, हलकी असावी म्हणून पोकळ करतात, ही ओझ्याची सायकल नव्हे. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "उडी मारल्यावर माणसाचं ओझं होत न्हाई व्हय?"

मी सुतळी कापली, दांडी उघडली आणि आतली सळई ओढून काढली. त्याबरोबर एक्सलचे दोन तुकडे झाले आणि एक तुकडा माझ्या पायावर पडला.

मी ते तुकडे उन्हात धरून बघितले. पोलाद ताजं तुटलं की तुटीवर चकाकी असते, साखरेसारखे दाणे दिसतात. इथं तूट काळी पडली होती, तिच्यात जुनं ग्रीस बसलं होतं. म्हणजे एक्सल आज तुटलेला नव्हता, काल नव्हता, तो केव्हाचाच तुटला होता. आतली ती पेन्सिलीहून बारीक सळई तेवढी दोन्ही तुकडे एकत्र दाबून होती, आणि त्यावर ही बाई पाणी ओढत होती. मी तिला तसं सांगितलं.

"तरीच," ती म्हणाली. "मला वाटलं, मीच म्हातारी होऊन राहिले."

मग मी तिला स्टुलावर बसवलं आणि चहा मागवला. तिचं नाव गयाबाई. गावच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायचं काम तिच्याकडं होतं. दुष्काळ म्हणून सरकारनं सुट्टीतही खिचडी चालू ठेवली होती. तांदूळ होता, डाळ होती, पाणी नव्हतं. टँकर गावच्या विहिरीत पाणी ओतून जायचा, कारण शाळेच्या माळावर चढायला त्याला रस्ता नव्हता. विहिरीपासून माळापर्यंत पाणी गयाबाईंनी न्यायचं. आधी डोक्यावरून नेलं. मग घरात उभी असलेली मुलाची सायकल तिच्या नजरेत आली. मुलगा राहुल पुण्याला कंपनीत होता. त्यानं हौसेनं घेतलेली ही जुनी सायकल तो गावी ठेवून गेला होता, आईनं ती पुसून जपावी म्हणून.

"तुम्ही चालवता?" मी विचारलं.

"मला कुठं येतंय? ढकलते."

चाक डुलायला लागल्यापासून दोन दिवस ती पुन्हा डोक्यावर पाणी नेत होती. त्यात शिजवण्यापुरतंही भागेना, मग लेकरांना प्यायला कुठून, आणि भांडी तर राखेनंच. मोठे गुरुजी चांगले होते, पण त्यांनीही हात टेकले होते. पाण्याची सोय झाली नाही तर सोमवारपासून चूल बंद, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं.

"लेकरं सकाळपासून भिंतीला टेकून बसत्यात, मिस्तरी. काहींच्या घरी तेवढंच एकदा खाणं हाय. चूल बंद झाल्यावर त्यांस्नी काय सांगू?"

ती हे रडून सांगत नव्हती. रागानंही नाही. काम अडलंय एवढंच सांगत होती. एरवी मी गिऱ्हाइकाला नुसतं 'बघू' म्हणायचो, ते विसरलो आणि म्हणालो, "सोमवारी सकाळी मी स्वतः चाक घेऊन येतो."

पण त्याआधी एक विचारणं भाग होतं. पोकळ काढून भरीव एक्सल घालायचा, तर हलकी सायकल जड होणार, तिच्यावर दूधवाल्यांसारखं लोखंडी कॅरिअर बसणार, तिचं रूप जाणार. सायकल मुलाची. गयाबाईंनी फोन लावून माझ्याकडे दिला. मी राहुलला सगळं सांगितलं. पोरगा चिडेल अशी मला धास्ती होती.

"काका," तो म्हणाला, "आई सायकल ढकलत पाणी नेते, हे मला म्हाईतच न्हवतं. काय करायचं ते करा."

मी फोन परत दिला. मायलेकांचं काय बोलणं झालं ते ऐकू नये म्हणून मी उगाच पंप घेऊन एका भरलेल्या टायरात हवा मारत बसलो.

पोकळच्या जागी भरीव घालणं, बोलायला सोपं आहे. अडचण अशी की आपल्या नेहमीच्या काळ्या सायकलीचा एक्सल आणि या गिअरच्या सायकलीचा एक्सल दिसायला भाऊ, पण आटे वेगळे. काळीचा किंचित बारीक. एक्सलवर दोन्हीकडून कोन नावाचे नट बसतात, छर्रे त्या कोनांवर फिरतात. या सायकलीचे कोन काळीच्या एक्सलवर चढवले तर चढतात. हातानं फिरवले तर फिरतात. नवखा मिस्तरी खूश होतो. पण ते आत खेळत असतात, आणि भार पडला की आटे सोलून निघतात. गिअरवाल्यांचा भरीव एक्सलही बाजारात मिळायचा, पण तो आखूड. कॅरिअरचे जाड पाय, त्याखाली कॅन अडकवायचे आकडे, त्यावर नट, एवढं सगळं धरायला लांब आटे हवेत. म्हणजे लेथवर करून घ्यायला हवा. आणि लातूरचे सगळे लेथवाले त्या उन्हाळ्यात बोअरच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेले. जमिनीत पाणी नव्हतं, म्हणून तर बोअरचा धंदा जोरात होता. एकानं मला सांगितलं, "सायकलचा एक्सल? पंधरा दिवसांनी या."

शनिवारी मी नांदेडची गाडी पकडली.

नांदेडला खय्यूमभाई होते. माझ्या उस्तादांच्या शेजारी त्यांचा लेथ, मी उमेदवारीला होतो तेव्हापासूनचा. आता डोळ्यांवर जाड भिंगं, हाताला थोडा कंप, काम जवळपास बंद केलेलं. गोदावरीचं पात्रही त्या वर्षी दगडांचं झालं होतं. मी दोन तुकडे आणि हब त्यांच्यापुढं ठेवला आणि किती लांब हवा ते सांगितलं. त्यांनी भिंगांवरून माझ्याकडे पाहिलं.

"एवढा लंबा? सायकल करून राहिला का ट्रक?"

मी गयाबाईंची हकिकत सांगितली. खय्यूमभाईंनी तुटीवरून अंगठा फिरवला. त्यांनाही ती जुनी तूट लगेच कळली. ते उठले आणि कोपऱ्यातल्या भंगारातून ट्रॅक्टरचा एक जुना शाफ्ट ओढून काढला.

"ये लोहा पुराना है. अच्छा है," ते म्हणाले. "आज का लोहा मैं उस बाई को नहीं देता."

लेथवर पोलाद कापताना ते तापतं, म्हणून एरवी वरून पाण्याची धार सोडतात. त्या दिवशी धार कुठली? खय्यूमभाईंनी ब्रशनं तेल लावत, थांबत, गार होऊ देत, पुन्हा लावत कापलं. दुपार त्यातच गेली. हाताला कंप असलेला हा माणूस लेथच्या चक्राला हात लावायचा आणि कंप नाहीसा व्हायचा, हे मी शेजारी उभा राहून पाहत होतो. आटे पाडून झाल्यावर त्यांनी एक्सल पुसला, उभा धरला आणि वरच्या टोकाला नट नुसता टेकवून सोडला. नट स्वतःच्या वजनानं गोल गोल फिरत, सावकाश खालपर्यंत आला. कुठं अडला नाही, कुठं डुलला नाही. मी नट पुन्हा वर नेला आणि पुन्हा सोडून बघितला. खय्यूमभाईंनी मात्र नाक मुरडलं आणि म्हणाले, "पहले इससे अच्छा बनाता था."

निघताना त्यांनी विचारलं, "वह बाई सचमुच ढकलती है?" मी हो म्हणालो. त्यांनी कानाच्या पाळीला हात लावला.

रविवार चाक बांधण्यात गेला. आमच्या कामात हा भाग शिकवून येत नाही. छर्रे ग्रीसमध्ये बसवायचे, दोन्ही कोन हातानं आवळायचे. जास्त आवळले तर चाक रडतं, कमी आवळले तर डुलतं. या दोहोंच्या मध्ये केसाएवढी एक जागा असते, तिथं चाक कुणी ढकलल्याशिवाय व्हॉल्व्हच्या वजनानंच खाली येऊन थांबतं. बरं, ती जागा सापडली असं वाटून वरचा नट आवळावा तर कोन आणखी पुढं सरकतो आणि सगळं बिघडतं. म्हणून थोडं सैल ठेवायचं, नट आवळल्यावर ते बरोबर व्हावं असं. किती सैल, ते हाताला कळतं. चार-पाचदा उघडून बांधलं. एरवी गिऱ्हाइकाचं चाक मी दोनदा उघडतो. शेवटी एक्सल जुन्या तुकड्यांशी ताडून बघितला, जाडी तेवढीच भरली, म्हणजे फ्रेमच्या खाचेत बसणार, तेव्हा जीव भांड्यात पडला.

सोमवारी पहाटेच्या गाडीनं औसा गाठलं, तिथून काळ्यापिवळ्या जीपनं गाव. एका हातात चाक, दुसऱ्या हातात दूधवाल्यांचं कॅरिअर आणि आकडे. विहिरीवर बाया-माणसांची दाटी होती. टँकर नुकताच ओतून गेला होता. गयाबाई सायकलीची मागं चाक नसलेली फ्रेम दगडांवर टेकवून माझी वाट बघत होती. मी चाक बसवलं, खाचेत एक्सल गेला, कॅरिअरचे पाय त्यावर चढले, मग आकडे, मग वायसर, मग नट. नट आवळताना मी पान्यावर सगळा जोर टाकला. आजूबाजूला माणसं जमली होती. एक म्हातारा म्हणाला, "कुठून आणलं म्हणायचं ह्ये लोखंड?" मी नांदेडहून म्हणालो. त्यानं मान हलवली, जणू लोखंड नांदेडहूनच यायला पाहिजे होतं.

कॅन भरले. एकेक दोन्ही आकड्यांना, तिसरा कॅरिअरवर आडवा बांधला. एक्सल हूं की चूं करेना. मी गयाबाईंना म्हणालो, "थांबा ताई, पहिली खेप मी नेतो. चाक कसं चालतं ते मला बघायचंय."

आयुष्यभर सायकलीच्या संगतीत घालवलेला माणूस मी. हँडल धरलं, ढकललं, सपाटीवर बरं चाललं. माळाचा चढ लागला तसा सगळा भार मागं गेला आणि पुढचं चाक जमिनीवरून उचललं गेलं. हँडल माझ्या हातात नुसतंच वळायला लागलं. मी सायकल एकीकडे खेचतोय, सायकल मला दुसरीकडे खेचतेय, आणि चपला मुरमावरून घसरतायत. बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या. दहा-पंधरा पावलांत मी पाण्यासकट आडवा होणार, इतक्यात गयाबाईंनी मागून सीट धरली.

"सोडा आता, मिस्तरी. पाणी सांडंल."

मी सोडलं. तिनं एक धोंडा फडक्यात बांधून हँडलला पुढं अडकवला. पुढचं चाक खाली बसलं. डावा हात हँडलवर, उजवा सीटच्या मागं, अंग पुढं झुकवून ती चालायला लागली. थांबली नाही. चढावर थांबलं तर पुन्हा निघता येत नाही, हे तिला अंगानं कळलेलं होतं. वाटेत जिथं खडक वर आला होता तिथं ती सायकल किंचित तिरकी घालायची. कॅन हिंदकळायचे, पण बाहेर थेंब येत नव्हता. मी शेजारून चालत होतो आणि माझी नजर एक्सलवर होती. कॅनचे आकडे हलत होते, चाकाच्या तारा ताणल्या जात होत्या, आणि मधोमध ती कांडी जागची हलत नव्हती. मग माझी नजर वर गेली आणि बाईवर थांबली. तुटलेल्या एक्सलवर ही या चढावरून पाणी नेत होती. नव्या एक्सलनं हे काम शक्य झालं असं मला रविवारभर वाटत होतं. काम आधीच चाललेलं होतं. मला त्या माळावर फार लहान झाल्यासारखं वाटलं, आणि त्याचं वाईटही वाटलं नाही.

शाळेच्या भिंतीला टेकून लेकरं बसलेली होती. सायकल दिसली तशी ती उठून उभी राहिली. गोंगाट नाही, धावाधाव नाही. कॅन टाकीत रिता होत असताना ती सगळी त्या धारेकडे बघत होती. आठ-दहा वर्षांची लेकरं इतकी गप्प असलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. मोठे गुरुजी व्हरांड्यात उभे होते. त्यांनी माझ्याशी हात मिळवला आणि चुलीकडे बघून नुसती मान डोलावली. गयाबाईंनी काड्यापेटी काढली.

खिचडी शिजेस्तोवर गुरुजी माझ्यापाशी बसले. ते हळू आवाजात म्हणाले, "बाईंना हे काम दिलं तेव्हा वरच्या गल्लीतली लेकरं घरून डबा आणायची. यांच्या हातचं खायचं न्हाई म्हणून." का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. गयाबाईंच्या घरी भिंतीवर कुणाचे फोटो असतील ते मला माहीत होतं, माझ्याही घरी तेच आहेत. "औंदा डबे बंद झाले," गुरुजी म्हणाले. रांगेत मला वरची गल्ली कोणती आणि खालची कोणती, काही ओळखू येईना. सगळ्यांची ताटं सारखीच पुढं झाली होती आणि गयाबाई सगळ्यांना सारखाच डाव वाढत होती. एका मुलीचं ताट वाकडं झालं, तिला तिनं चांगलं दटावलं. वरची की खालची, कोण जाणे.

मलाही ताट आलं. गावात त्या दिवसांत पाहुण्याला अर्धा पेला पाणी द्यायची रीत पडली होती, आणि पाहुण्यानं तेवढंच प्यायची. गयाबाईंनी माझ्यापुढं पेला ठेवला तो काठोकाठ. मी संकोचलो. म्हणालो, ताई, अर्धं काढून ठेवा.

"प्या की. माझं काम अजून सरलं न्हाई," ती म्हणाली. "लेकरांच्या प्यायची खेप राहिलीय. तेवढी आणते, मग मी पिते."

म्हणजे पहाटेपासून ती बिनपाण्याची होती. मी विचारायच्या आत तिनं रिकामे कॅन आकड्यांना अडकवले आणि सायकल उताराला लावली. मी पेला तसाच झाकून ठेवला, ताट बाजूला सारलं आणि तिच्या मागं निघालो. विहिरीवर कॅन भरून दिले. माळाचा चढ आला तसा मी मागं जाऊन कॅरिअरला दोन्ही हात लावले आणि जोर लावायला तयार झालो.

वरपर्यंत माझे हात कॅरिअरवर होते. जोर लावायची वेळ आली नाही.